डावीकडची बाही

रविवार, ५ फेब्रुवारी

मापांची वही उलटी करून मागच्या पानापासून लिहायला घेतली आहे. पुढून गिऱ्हाइकांच्या कमरा आणि बाह्या, मागून माझं डोकं. आमच्या हौशी फोटोवाल्यांच्या मंडळाचे प्रमुख म्हणजे चष्मेवाले. त्यांचं म्हणणं, प्रत्येकाने आठवड्याला दोन ओळी तरी लिहाव्यात, काय शिकलो ते. त्यांच्या चष्म्याच्या दुकानामागे एक खोली आहे. एरवी तिथे लोक खुर्चीत बसून भिंतीवरची लहान लहान होत जाणारी अक्षरं वाचतात. रविवारी सकाळी आम्ही अकरा जण त्याच भिंतीवर आपापले फोटो लावतो आणि एकमेकांची पिसं काढतो.

पिसं मीच काढते म्हणा. बाकीचे कौतुकाचे पूल बांधतात.

आज नवीन टूम निघाली. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या. तीन महिने आपल्या जोडीदाराच्या फोटोंवर आपण बोलायचं आणि फोटोच्या पाठीमागे पेन्सिलीने शेरा लिहायचा. आपण बोलत असताना समोरच्याने तोंड उघडायचं नाही. दर वेळी शेवटी त्याला फक्त एक वाक्य बोलायची मुभा. एप्रिलच्या शेवटी वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन आहे, त्यात प्रत्येकाचा एकच फोटो लागणार. आणि तो कोणता, हे जोडीदार ठरवणार! म्हणजे माझी वर्षभराची मेहनत दुसऱ्याच्या हातात.

मला बँकेतल्या बाई हव्या होत्या. त्यांना नजर आहे. वाट्याला आले सलूनवाले. आमच्या दुकानापासून चार दुकानं सोडून त्यांचं सलून आहे, आमच्या ह्यांचे केस वीस वर्षं तेच कापतात. माणूस सज्जन. पण सज्जनपणाचं मी काय करू? कोणताही फोटो दाखवा, म्हणतात "छान आहे." गिऱ्हाइकाच्या मानेमागे आरसा धरून त्याच्या होकाराची वाट बघायची, एवढीच त्यांना सवय.

रविवार, १२ फेब्रुवारी

सलूनवाल्यांचा पहिला फोटो. बागेतल्या बाकावर टोपी तोंडावर घेऊन झोपलेला म्हातारा. उजवी बाजू फारच सुरेख. म्हाताऱ्याच्या पोटावर पानांची सावली पडली होती. पण डावीकडे? कुणाची तरी हिरवी बाही फ्रेममध्ये घुसलेली. नुसती बाही, खाली पिशवीचा बंद. बाहीला तीन बटणं, त्यातलं मधलं पांढऱ्या दोऱ्याने लावलेलं. असल्या गोष्टी मला आधी दिसतात, त्याला मी काय करणार. मी सांगितलं, "दादा, फोटो काढताना चारी कडा बघायच्या असतात. कापड कापताना आपण फक्त मधलं बघतो का?"

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग आपलं एक वाक्य बोलले, "ताई, काढला तेव्हा नव्हतं ते."

खोलीत हशा पिकला. नाचता येईना, अंगण वाकडं.

माझा फोटो होता समोरच्या इमारतीच्या जिन्याचा. एकेक पायरी ओळंब्यात. मागे त्यांचा शेरा, गोल गोल अक्षरात: "छान. तुम्ही कुठे उभ्या होता?"

हा काय शेरा झाला?

बुधवार, १५ फेब्रुवारी

मुलीने तिच्या नव्या खोलीचा फोटो पाठवला. खिडकी, टेबल, टेबलावर माझ्या माहेरचा दिवा. मी लगेच कळवलं, पडदा डावीकडे दोन बोटं खाली आलाय, उसवून परत घाल. तिने अंगठा पाठवला.

हा कॅमेरासुद्धा तिचाच. नोकरीसाठी परगावी गेली तेव्हा कपाटात ठेवून गेली.

रविवार, २६ फेब्रुवारी

मागच्या रविवारी मोटारीचं चाक बदलणारी बाई होती, डावीकडे अर्धी छत्री. आज कबुतरं, आणि डावीकडे पुन्हा तीच हिरवी बाही! मी म्हटलं, आता मात्र कमाल झाली. पालथ्या घड्यावर पाणी.

तेवढ्यात चष्मेवाले उठले. फोटोपुढे उभे राहून हनुवटी चोळली आणि म्हणाले, "मला यात एक शैली दिसते. डावीकडचा हा जो ताण आहे ना, तो त्यांच्या प्रत्येक फोटोत आहे. उजवीकडे शांतता, डावीकडे जगाची घुसखोरी. हे सहज जमत नाही."

बँकेतल्या बाईंनीही मान हलवली. निवृत्त शिक्षक तर वहीत लिहूनच घ्यायला लागले. सलूनवाले बिचारे ओशाळून खाली बघत होते. मला राहवलं नाही. माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं म्हणजे किती चढवायचं? मी सरळ विचारलं, "दादा, खरं सांगा, तुम्हाला डावीकडचं दिसत नाही का?"

सगळे हसले. तेही हसले. मग म्हणाले, "काढला तेव्हा नव्हतं हो, ताई." आता हे वाक्य मंडळात म्हणीसारखं झालंय. शिक्षकांच्या बशीत बिस्कीट उरलं नाही तर तेही म्हणतात, बशी घेतली तेव्हा नव्हतं.

घरी येऊन मी नवऱ्याला सगळी हकीकत सांगितली. तो म्हणाला, "स्पष्ट बोलायचं तुझं चांगलंय. फक्त समोर माणूस बसलाय हे अधूनमधून आठवत जा." याला काही अर्थ आहे का? खोटं बोलून कुणाचं भलं झालंय?

मंगळवार, ७ मार्च

नवरा केस कापून आला. एक कल्ला वर, एक खाली. मी म्हटलं, सलूनवाल्यांची शैली दिसतेय. नवरा आरशात बघून म्हणाला, "एक डोळा मिटून दोनदा नीट बघितलं की त्यांनी." मग मीच कात्री घेऊन सारखा केला.

रविवार, १२ मार्च

आजचं नीट लिहून ठेवते, कारण मला अजून वाटतंय की माझं चुकलं नाही.

तळ्याकाठचा फोटो. उजवीकडे एक बाप आपल्या पोरीच्या बुटाची नाडी बांधतोय. ती त्याच्या डोक्यावर हात ठेवून एका पायावर उभी. बापाची मान, पोरीची बोटं, मागे पाण्यावरचा उजेड. इतका चांगला फोटो आमच्या मंडळात कुणी काढलेला नाही, मी तर नाहीच नाही. आणि डावीकडे अर्धी बाई. हिरवा कोट, कागदाचे दोन कप धरलेले, तोंडाचा अर्धा भाग फ्रेमच्या बाहेर, उरलेला हसतोय.

मला रागच आला. ज्याला देवाने एवढं दिलंय त्याने ते असं मातीत घालावं? पिशवीत माझी कात्री होतीच. मी भिंतीवरून फोटो उतरवला आणि सगळ्यांसमोर डावीकडची पट्टी कापून टाकली. कापताना हात जराही हलला नाही. "बघा आता," म्हटलं.

खरंच सुंदर दिसत होता. पट्टी जमिनीवर पडली होती. सलूनवाले वाकले, ती उचलली, झटकली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. एक वाक्य बोलायचा त्यांचा हक्क होता, तो त्यांनी वापरला नाही. उरलेला फोटो माझ्याकडेच राहिला.

चष्मेवाले मला दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "कात्री जरा घाईत चालली." स्वतः दोन आठवडे शैली शैली करत होते ते!

रविवार, १९ मार्च

मला वाटलं होतं सलूनवाले येणार नाहीत. आले. माझ्या फोटोमागे, वाळत घातलेल्या चादरींचा होता तो, पुन्हा तेच: "छान. तुम्ही कुठे उभ्या होता?"

मी तडकले. "दुकानाच्या दारात! दुसरीकडे कुठे उभी राहणार?"

ते म्हणाले, "तसंच वाटलं."

एवढंच. चिडून नाही, कुत्सितपणे नाही. बाजाराचा भाव सांगावा तसं.

घरी आल्यावर वर्षभराचे फोटो काढून जमिनीवर मांडले. चाळीस होते. जिना दुकानाच्या दारातून. सायकली दुकानाच्या दारातून. टपालवाला पाठमोरा, दारातून. चादरीही दारातून. एकाही माणसाचा चेहरा नाही. सगळ्या कडा मात्र सरळ.

जेवायला उशीर झाला.

रविवार, २६ मार्च

आज मंडळ तळ्यावर गेलं होतं. मी मनाशी ठरवून गेले होते की सलूनवाल्यांचं "नव्हतं" आज पुराव्यानिशी खोटं पाडायचं. कात्रीबद्दल माझ्या मनात काहीतरी टोचत होतं. ते कबूल करण्यापेक्षा त्यांची चूक सिद्ध करणं सोपं वाटलं असावं.

त्यांचा कॅमेरा कठड्यावर ठेवायला लावला. आधी मी बघितलं. फ्रेमच्या डाव्या कडेला दिव्याचा खांब, उजवीकडे लोखंडी फाटक. "आता तुम्ही बघा आणि कॅमेरा हलवू नका. फाटकाकडे बघत राहायचं," म्हटलं आणि जाऊन खांबाला टेकून उभी राहिले. ते वाकले. डावा डोळा मिटला, उजवा कॅमेऱ्याच्या काचेच्या खिडकीला लावला, नेहमीसारखा.

"दिसते का मी?"

"नाही."

"दादा, चेष्टा पुरे."

"नाही हो ताई. फाटक दिसतंय. अलीकडे झाडं आहेत. तुम्ही नाही."

मी एक पाऊल आत आले. "आता?" नाही. आणखी एक. नाही. हात वर करून हलवला. नाही. तळ्यावर फिरायला आलेली माणसं थांबून बघायला लागली. सात पावलं चालले तेव्हा ते दचकून म्हणाले, "अरे! या कुठून आलात?"

कुठून म्हणजे? मी समोरून चालत आले होते. गळ्यात टेप आणि खिशात खडू असतोच. तिथे खडूने रेघ मारली आणि खांबापासून मोजलं. फ्रेमचा एक तृतीयांश भरला. कापलेली पट्टी तेवढीच होती.

मला वाटलं, कॅमेरा बिघडलाय. त्यांना खांबाशी उभं केलं आणि मी डोळा लावला. ते स्पष्ट दिसत होते, खिशातल्या कंगव्यासकट. मग म्हटलं, आता दुसरा डोळा लावून बघा. त्यांना जमेना, नाक मध्ये येत होतं, आयुष्यात कधी त्या डोळ्याने कॅमेऱ्यातून बघितलं नव्हतं. मी पुन्हा खांबाशी जाऊन उभी राहिले.

बराच वेळ ते वाकलेलेच होते. मग हळू आवाजात म्हणाले, "ताई, तुम्ही तिथेच आहात."

मी जवळ आले तर ते सरळ उभे राहून एकदा हा डोळा मिटत होते, एकदा तो. माझा कॅमेरा हातात होता. का ते माहीत नाही, मी त्यांच्या तोंडापासून दोन हातांवर उभी राहून बटण दाबलं. फोटो वाकडाच आलाय.

"नंबर बदलला असेल," मी म्हटलं. "चष्मेवाले आहेतच की आपले. लगेच तपासतील."

त्यांनी मान हलवली. पण चष्मेवाल्यांना मी गमतीने रेघ दाखवायला गेले तर त्यांचा चेहरा उतरला. रेघेकडे बघितलं, खांबाकडे बघितलं आणि म्हणाले, "हे माझ्याकडचं काम नाही. उद्याच्या उद्या डोळ्यांच्या दवाखान्यात."

गुरुवार, ३० मार्च

सलून तीन दिवस बंद आहे. फळ्या लावलेल्या.

रविवार, २ एप्रिल

काचबिंदू.

चष्मेवाल्यांनी सांगितलं. स्वतः दवाखान्यात बरोबर गेले होते. उजव्या डोळ्याची नाकाकडची, म्हणजे डावीकडची बाजू गेली आहे. दुखत नाही, खुपत नाही, कळत नाही. दोन्ही डोळे उघडे असले की डावा डोळा उजव्याचं राहिलेलं भरून काढतो, त्यामुळे रस्त्यावर चालताना, केस कापताना माणसाला पत्ताही लागत नाही. एक डोळा मिटला तरच उघडं पडतं. आणि रोज एक डोळा मिटून कोण बघतो? फोटो काढणारा. गेलेलं परत येत नाही. डाव्या डोळ्यातही सुरुवात आहे. रोज थेंब घातले तर जे आहे ते राहील.

चष्मेवाले बोलता बोलता थांबले. मागे त्यांची अक्षरांची पाटी होती. "आठ आठवडे," म्हणाले, "या भिंतीवर लावत होतो आपण. आणि मी त्याला शैली म्हणत होतो. मी!"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पण त्यांना हसायची माझी हिंमत झाली नाही.

मग सगळे माझ्याकडे वळले. तुमच्यामुळे कळलं, वेळेवर कळलं, तुमचा स्पष्टपणा कामाला आला, डोळा वाचवलात. बँकेतल्या बाईंनी माझा हात हातात घेतला. मी काढून घेतला.

मी काय केलं? चूक तर मी पहिल्याच दिवशी दाखवली होती. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या रविवारीही दाखवली. शंभर वेळा दाखवली असती तरी काही झालं नसतं. तो माणूस दर वेळी खरं सांगत होता, आणि मी ते एकदाही खरं धरून बघितलं नाही. तळ्यावर गेले तीसुद्धा त्याला खोटं पाडायला गेले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. आणि त्या दिवशी हसून विचारलं होतं, दिसत नाही का म्हणून.

फार लाज वाटते आहे. कुणाला सांगताही येत नाही, सगळे शाबासकी देतात.

शनिवार, ८ एप्रिल

दुपारी दुकानात एक बाई आल्या. काउंटरवर कोट ठेवला आणि म्हणाल्या, "अस्तर उसवलंय, घालून द्याल?"

हिरवा कोट. मी बाही उलटी करून बघितली. तीन बटणं, मधलं पांढऱ्या दोऱ्याने लावलेलं.

मी खुर्चीत बसले. त्या म्हणाल्या, "हो, मीच ती. डावीकडची."

सलूनवाल्यांची बायको. वीस वर्षं चार दुकानांवर राहते आणि मी कधी चेहरा बघितला नाही, कारण मी दारातून पाठमोरी माणसं बघते. दर सुट्टीला ते फोटो काढायला निघतात तेव्हा ह्या बरोबर जातात. पिशवी ह्यांच्याकडे, छत्री ह्यांच्याकडे, चहा आणायचं काम ह्यांचं. आणि सवय डावीकडून चालायची.

"मी यांना म्हणायचे, अहो, मी मध्ये येतेय का? म्हणायचे, नाही, तू कुठे आहेस, तू नाहीच आहेस त्यात. मला वाटायचं, किती जपून काढतात." त्या हसल्या आणि मग हसता हसता त्यांना रडू आलं. मी पाणी दिलं.

मी म्हटलं, "वहिनी, तुमचा फोटो मी कापला."

"माहितीये. ती पट्टी त्यांनी आरशाच्या कडेला खोचलीये. घरी येऊन मला म्हणाले, बघ, तू होतीस. मला वाटलं, चेष्टा करतायत. त्या वेळी कुणाला काय माहीत." त्यांनी डोळे पुसले. "तुमच्यावर राग नाही हो त्यांचा. पण आता कॅमेरा कपाटात ठेवलाय. म्हणतात, बास झालं. सलूनही उघडत नाहीत. डॉक्टर म्हणाले दोन्ही डोळ्यांनी काम करायला हरकत नाही, पण म्हणतात, लोकांच्या गळ्यावर वस्तरा धरतो मी, मला आता माझा भरवसा नाही. तुम्ही एकदा बोला ना. तुमचं ते ऐकतात."

माझं ऐकतात. बोलून बोलून मी काय करून ठेवलंय ते बघा.

मी म्हटलं, "बोलत नाही. पण मला ती पट्टी आणून द्या."

रात्री जेवताना नवऱ्याला सगळं सांगितलं. तो आचवून झोपायला गेला.

रविवार, ९ एप्रिल

सकाळी उठले तर नवरा घरात नाही. दहा वाजता परत आला, गुळगुळीत दाढी करून.

"सलून उघडं होतं?"

"उघडायला लावलं. घरी जाऊन म्हटलं, दाढी करायचीय. म्हणाले, नको. म्हटलं, गळा माझा आहे, तुम्हाला काय त्याचं? वीस वर्षांत दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही, आता म्हातारपणी बदलू का?"

"आणि?"

"पहिल्यांदा त्यांनी दोनदा वस्तरा खाली ठेवला. मग मी झोपलो." खुर्चीत त्याला नेहमी झोप लागते. "उठलो तर झाली होती."

मी त्याच्या गालावरून हात फिरवला. एकही केस राहिला नव्हता. नवरा म्हणाला, "कल्ले बघ, कल्ले. दोनदा मोजले आज, दोन्ही डोळे उघडे ठेवून."

माणूस बत्तीस वर्षं घरात आहे आणि त्याच्यातली ही हुशारी मला आज कळते आहे.

रविवार, १६ एप्रिल

प्रदर्शनासाठी जोडीदाराचा फोटो आज द्यायचा होता. सलूनवाले मंडळात आले नाहीत, पण माझ्यासाठी त्यांनी पाकीट चष्मेवाल्यांकडे आधीच पोचवलं होतं. कोणता निवडला ते प्रदर्शनाच्या दिवशीच कळणार.

मी काल दुपारभर बसले होते. नवीन प्रत सहज छापता आली असती, चष्मेवाले तसं म्हणालेही. पण मी कापलेला तुकडा आणि वहिनींनी आणून दिलेली पट्टी टेबलावर शेजारी ठेवली. उसवलेलं जोडायचं हे माझं रोजचं काम. कागदाला कधी केलं नव्हतं. पाठीमागून पातळ कापडाची पट्टी चिकटवली, कडेला कड भिडवली. उभी रेघ दिसते. ती झाकली नाही.

मागे शेरा लिहायला पेन्सिल घेतली, टोक केलं. मग लिहिलं: "दादा, माझं चुकलं. ही होती."

रविवार, ३० एप्रिल

वाचनालयाच्या हॉलमध्ये गर्दी बरी होती. नातेवाईकच जास्त.

माझ्या नावाखाली जो फोटो लागला होता तो बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तळ्यावरचा, वाकडा. दोन हातांवरून काढलेला सलूनवाल्यांचा चेहरा. कठडा तिरका, कान कापला गेलेला, एक डोळा मिटलेला आणि दुसरा उघडा, आणि त्या उघड्या डोळ्यात नुकतंच काहीतरी कळल्याची भीती. मी तो मंडळात कधी दाखवलाच नव्हता. वहिनी पट्टी द्यायला आल्या तेव्हा फक्त एक प्रत त्यांच्याकडे दिली होती, दादांचा फोटो आहे म्हणून. इतके नीट, ओळंब्यातले चाळीस फोटो सोडून हा? लोक मात्र त्याच्यापुढे थांबत होते. शिक्षक थांबले, पुढे गेले, परत आले.

मी फोटो अलगद पुढे ओढून मागचा शेरा बघितला. "छान" नव्हतं. तेच गोल अक्षर: "इथे तुम्ही जवळ उभ्या होता."

मी तिथेच रडले. पन्नाशीची बाई, गळ्यात टेप, सगळ्यांसमोर.

सलूनवाले त्यांच्या फोटोपुढे होते. गळ्यात कॅमेरा नव्हता. त्यांनी डावा डोळा मिटला, उघडला. पुन्हा मिटला, उघडला. एखादं पोर नवीन खेळणं चालू-बंद करून बघतं तसं. वहिनी शेजारी उभ्या होत्या, हिरव्या कोटात, अस्तर मी घातलेलं. मला बघून ते म्हणाले, "ताई, रेघ छान जमलीये." आणि मग, "तुम्ही लिहिलंत ते वाचलं."

मी म्हटलं, "दादा, कॅमेरा बाहेर काढा. तुमच्याशिवाय मला जोडीदार नाहीये."

ते हसले. पण वहिनीच म्हणाल्या, "मी सांगितलंय यांना, पुढच्या रविवारपासून जाऊ. डाव्या डोळ्याने बघायची सवय करा. आणि मी आता उजवीकडून चालत जाईन, म्हणजे यांच्या मध्ये येणार नाही."

सलूनवाल्यांनी मान हलवली. "नको. तू डावीकडेच चाल."

"अहो, पण तिकडे तुम्हाला..."

"म्हणूनच. जिकडे मला दिसत नाही तिकडे कुणीतरी हवं."

वहिनींनी कोटाची बाही सरळ केली. मग म्हणाल्या, "बरं. म्हणजे पिशवी आणि छत्री माझ्याकडेच राहणार."

घरी येऊन हे लिहिते आहे. पुढून मापं आणि मागून मी, मध्ये तीन पानं उरली आहेत. मुलीने आज सकाळी पुन्हा तिच्या खोलीचा फोटो पाठवला होता, अडीच महिन्यांनी. पडदा तसाच आहे, दोन बोटं खाली. टेबलावर दोन कप आहेत. ही गोष्ट मला सकाळी दिसली नव्हती.

पडद्याचं लिहिलं होतं, ते पाठवायच्या आधी पुसलं. आणि विचारलं, "छान. तू कुठे उभी होतीस?"

लगेच फोन वाजतोय. तिचाच आहे.